शेवटची भाकरी कोणाची?

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर रात्रीचा स्वयंपाक पुस्तकात पाहून होत नाही, डब्यात काय उरले आहे ते पाहून होतो. कुळथाचे पीठ असले की पिठले, मूठभर जवळा असला की कांद्यात परतायचा, पावसाळ्यात बांधावरचा टाकळा. काहीच नसले तर नाचणीची भाकरी नि मिरचीचा ठेचा. पाहुणा आला की कालवणात पाणी आणि वर दोन आमसुले. हे आमच्या मायमाऊल्यांनी चुलीपुढे उभारलेले शास्त्र आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातील दलितांच्या ताटाची नोंद केली. रायगडच्या चुलीचीही तशी नोंद झाली पाहिजे.

पण नुसते गोडवे गाऊन मोकळे होणे हा दांभिकपणा आहे. पाण्याने कालवण वाढते, भाकरी वाढत नाही. मग तूट कोणाच्या ताटातून भरून निघते? सर्वांच्या शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्याच ना?

मार्च १९२७ मध्ये याच महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळ्या-उष्ट्या तुकड्यांची लाचारी सोडा, असे बजावले. समाजाने परक्या दारचे तुकडे नाकारले. मग आपल्याच घरात तिच्या वाट्याला उरलेसुरले का?

चवदार तळ्याला अभिवादन करणाऱ्या बांधवांना आमचे एवढेच सांगणे आहे : आज रात्री भाकरी तुम्ही थापा, सगळे एकाच वेळी बसा आणि असेल ते सारखे वाटून घ्या. समतेची सुरुवात ताटापासून होऊ द्या!