परसबाग लावा, पण फोटोसाठी नको

शिक्षक मित्रांनो, पालकहो, 5 जूनला पर्यावरण दिन, आणि आपल्या चंद्रपुरात तेव्हा शाळेला सुट्टी, वर ऊन तापलेलं. मग रोपासोबत फोटो काढायची घाई कशाला? पाऊस जमिनीत मुरू द्या, मगच मुलांच्या हातात बी द्या.

पहिलीच्या मुलाला कडुनिंबाचं रोप तर देऊच नका. मे महिन्यात त्याला पाणी कोण घालणार? आमची रोपं अशीच वाळली. शाळा उघडल्यावर मुलं धावत बघायला गेली आणि काड्या पाहून गप्प झाली. त्यापेक्षा पावसाळ्यात चवळी, अंबाडी, दिवाळीनंतर मेथी, पालक पेरा. मेथी महिनाभरात हाती येते, थेट शाळेच्या खिचडीत पडते. पाण्यासाठी हात धुण्याच्या नळाची नाली वाफ्याकडे वळवा.

ऊर्जानगरच्या पालकांची भीती मात्र रास्त आहे. झुडपं वाढली की बिबट्या दडतो. 2022 मध्ये वीज केंद्र-दुर्गापूर परिसरात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. म्हणून बाग वर्गाच्या खिडकीसमोर हवी, कुंपणाला लागून नको, वेलांचा दाट मांडव नको. आणि पाणी घालायचं ते परिपाठानंतर, सगळ्यांनी मिळून. संध्याकाळी मुलांना बोलावूच नका.