दप्तराच्या तळाशी राहिलेली चिठ्ठी

आमच्या माहितीतल्या एका वस्तीत एक भगिनी चार घरची धुणीभांडी करतात. त्यांचे पती एका इमारतीवर रात्रपाळीचे वॉचमन आहेत. थोरली मुलगी सातवीत, धाकटा मुलगा तिसरीत, दोघेही महापालिकेच्या शाळेत. धाकट्याबद्दल वर्गातल्या बाईंची एकच तक्रार. लक्ष नाही, फळ्यावरचे उतरवून घेत नाही, शेजारच्याच्या वहीत डोकावतो. मग घरी आईचा धपाटा आणि बापाचा दम. मुलगा मठ्ठ आहे असे शेजारीपाजारीही म्हणू लागले होते.

दिवाळीच्या सुट्टीत थोरलीने त्याचे दप्तर झटकले. तळाशी फुटक्या पेन्सिलींच्या कचऱ्यात एक चुरगळलेला कागद निघाला. शाळेत डॉक्टरांचे पथक येऊन गेले होते, त्यांनी मुलांचे डोळे तपासले होते आणि या मुलाला नीट दिसत नाही, पुढच्या तपासणीसाठी दवाखान्यात आणावे, असे त्यावर लिहिले होते. तारीख जुलैची. चार महिने ती चिठ्ठी रोज शाळेत जात होती आणि रोज घरी येत होती.

आईला वाचता येत नाही. बाप सकाळी येऊन झोपतो. मुलाला वाटले, चिठ्ठी दाखवली तर आणखी मार बसेल. आणि शाळेने काय केले? चिठ्ठी दिली, वहीत तशी नोंद केली आणि काम संपले. कोणी दुष्टपणा केला नाही. तरीही एका पोराचे जवळजवळ अर्धे वर्ष वाया गेले.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही हे कोणाला दोष द्यायला सांगत नाही. आपल्या मुलांच्या शाळेत आज काय काय मिळते आणि त्यातले किती दप्तराच्या तळाशीच राहते, याचा हिशेब आपण कधी मांडतच नाही. तो आज मांडू.

१९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी असाच हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जाऊन मिसळतात, हे त्यांनी सरकारला आकड्यांनिशी सांगितले. मुलाचे नाव शाळेत घालणे वेगळे आणि मूल शाळेत टिकणे वेगळे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आता शिक्षण हक्काचा कायदा आहे. २००९ साली तो मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला सरकारी शाळेत फी नाही. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला मारता येत नाही. गाव सोडून आलेल्या मुलाचा दाखला आधीच्या शाळेने अडवून ठेवता येत नाही, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला त्याला ताटकळत ठेवता येत नाही. वीटभट्टीवर, बांधकामावर जाणाऱ्या आपल्या लोकांनी ही शेवटची गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

मुंबई महापालिकेच्या शाळेत मुलाला पुस्तके मिळतात, गणवेश, दप्तर, वह्या, बूट असे धरून २७ शालोपयोगी वस्तू मिळतात. कधी वेळेवर मिळतात, कधी पावसाळा अर्धा सरल्यावर छत्रीचे बघतात. पण मिळतात. ज्या घरात इंग्रजी शाळेच्या फीसाठी टक्क्याने पैसे काढले जातात, त्या घराने हे एकदा कागदावर मांडून पाहावे. इंग्रजीच हवे असेल तर महापालिकेच्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत. आम्ही कोणाला अडवत नाही. फक्त शेजारच्याने घातले म्हणून घालू नका.

दुपारच्या जेवणाचे घ्या. मुलांच्या तोंडी ती अजून खिचडीच आहे. केंद्र सरकारची योजना १९९५ साली सुरू झाली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या ताटातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत असे प्रमाण ठरलेले आहे. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असते. अन्न दिले नाही तर त्याबदली धान्य आणि स्वयंपाकाचा खर्च द्यावा, असा २०१५ चा नियम आहे. हे किती आयांना ठाऊक आहे? आपल्या राज्यात २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असे ठरले होते. २०२५ च्या जानेवारीत अंड्याचा सरकारी निधी बंद झाला आणि लोकसहभागातून काय ते करा असे सांगण्यात आले. ज्यांच्या घरी अंडे रोज असते त्यांना यात काही वाटले नसेल. आमच्या मुलांच्या ताटातले ते एकच अंडे होते.

आणि पंगत. वेगळी पंगत बसवल्याच्या, आपल्या बाईने शिजवलेले अन्न मुलांनी नाकारल्याच्या बातम्या देशातून अजून येतात. म्हणून महिन्यातून एकदा तरी दुपारच्या सुट्टीत कोणीतरी पालक शाळेत दिसला पाहिजे. भांडायला नव्हे. नुसते उभे राहायला.

तब्येतीच्या तपासणीचे तर आपल्याला काहीच माहीत नसते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात सरकारी शाळेतल्या मुलाची वर्षातून एकदा, अंगणवाडीतल्या मुलाची दोनदा तपासणी व्हायची असते. डोळे, कान, दात, हृदय, रक्त कमी असणे, उशिरा बोलणे, सगळे त्यात येते. दोष निघाला तर पुढचे उपचार मोफत, गरज पडली तर शस्त्रक्रियासुद्धा. आठवड्याची लोहाची गोळी असते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. जंताची गोळी असते. ज्या मुलाला ऐकू येत नाही, शिकायला जड जाते, त्याच्यासाठी विशेष शिक्षकाची सोय आहे. पण "माझ्या पोरात खोट आहे" असे चारचौघांत कबूल करायची लाज वाटते आणि आपण गप्प बसतो. मठ्ठ म्हणून मार खाल्लेला तो पोरगा चष्मा लागल्यावर पहिल्या बाकावरून चौथ्या बाकावर गेला. चष्मा मोफत मिळाला. आई आम्हाला म्हणाली, "दादा, मी त्याला उगाच मारलं." यावर आम्ही काय बोलणार?

आता एक गोष्ट सांगितली तर काही वाचक रागावतील, तरी सांगतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, धर्म आणि जात काय लिहिली गेली, ते प्रवेशाच्या दिवशीच डोळ्यांनी पाहून घ्या. धर्म बौद्ध हे अभिमानाने लिहावेच. पण बरेच जण जातीचा रकाना संतापाने कोरा ठेवतात, किंवा कारकून आपल्या मनाने काहीतरी लिहून मोकळा होतो. तो संताप आम्हाला समजतो. जी जात टाकली ती पुन्हा कागदावर का मांडायची? पण सवलत मागताना सरकार तेच विचारते. महाराष्ट्राने बौद्धांच्या सवलती १९६० नंतर चालू ठेवल्या, केंद्राने त्यासाठी १९९० उजाडावे लागले, आणि दोन्हीकडे दाखल्यावर पूर्वीची जात लागतेच. पुढे मूल दाखला काढायला जाते तेव्हा १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला सापडला तर सोन्याहून पिवळे. आजोबांनी शाळेचे तोंडच पाहिले नसेल तर कोतवाल बुकापासून शोध सुरू. शाळेतली चूक मूल शाळेत आहे तोवर दुरुस्त होते, शाळा सुटल्यावर तीच चूक सुधारताना चपला झिजतात. पाचवी ते सातवीच्या अनुसूचित जातीच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्जही शाळेतूनच जातो, आणि तोही या नोंदीवर अडतो.

हे सगळे विचारायचे कोणाला? मुख्याध्यापकांना एकट्याने विचाराल तर ते म्हणतील, बघू. आमच्या मते बहुतेक शिक्षक वाईट नाहीत. निवडणूक आली की निवडणूक, जनगणना आली की जनगणना, मधल्या वेळात ऑनलाइन माहिती भरणे, असे ते पिचलेले असतात. म्हणूनच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात, एकूण सभासदांत निम्म्या बाया असाव्या लागतात, दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतलाच असतो. शाळेचा पैसा कुठे गेला, खिचडी कशी आहे, शिक्षक वेळेवर येतात का, हे पाहण्याचा अधिकार या समितीला आहे. पण आम्ही पाहिलेल्या समित्यांत निम्म्या बायांना आपण सभासद आहोत हेच ठाऊक नव्हते. सही कुठे करायची ते दाखवले, त्यांनी केली.

पालकसभेला आपले बाप जात नाहीत. आया जातात, मागे बसतात, हजेरी लावून परततात. बापांचे म्हणणे असते, खाडा पडतो, पाचशे-सातशेची रोजंदारी बुडते. खोटे नाही. मग सभा शनिवारी सकाळी किंवा कामावरून सुटल्यावर ठेवा, असा अर्ज पाच-दहा पालकांच्या सह्यांनी द्या. त्या भगिनींच्या शाळेत तसा अर्ज गेला आणि पहिल्याच वेळी मान्य झाला.

त्यांच्या वस्तीत आता आणखी एक गोष्ट चालू झाली आहे. रविवारी विहारात वंदना झाली की सातवी-आठवीच्या मुली लहान मुलांची दप्तरे उघडतात आणि निघालेली प्रत्येक चिठ्ठी त्या मुलाच्या आईला मोठ्याने वाचून दाखवतात. ही कल्पना त्या थोरल्या मुलीची. पहिल्या रविवारी अकरा चिठ्ठ्या निघाल्या. चार दवाखान्याच्या, तीन बँक खात्याचा नंबर मागणाऱ्या, दोन हजेरी कमी असल्याच्या, दोन पालकसभेच्या. त्यातली एक सभा कधीच होऊन गेली होती. दुसरी येत्या शनिवारी आहे, सकाळी साडेआठला.