हिशेब मागणे हा द्रोह नव्हे



हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा पुढारी पैशाच्या व्यवहारात दोषी ठरला म्हणजे आपल्यात दोन आवाज उठतात. एक म्हणतो, गप्प बसा, विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळेल. दुसरा म्हणतो, सगळे सारखेच, यापुढे वर्गणी बंद. दोन्ही आवाज मला घातक वाटतात.

भ्रष्टाचाराविरुद्ध आंदोलन करणारे श्री. अण्णा हजारे यांच्या हिंद स्वराज ट्रस्टचेच उदाहरण पाहा. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोगाचा अहवाल २००५ साली आला. त्यात जसा काही मंत्र्यांवर ठपका होता, तसाच या ट्रस्टवरही होता. हजारे यांच्या वाढदिवसाच्या समारंभावर ट्रस्टच्या निधीतून २ लाख २० हजार रुपये खर्च झाले होते. पुढे एका उद्योगपतीने त्याहून अधिक रक्कम ट्रस्टला दिली. तरीही आयोगाने तो खर्च बेकायदेशीर आणि भ्रष्ट आचार ठरविला. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून ११ एकर जमीन जिल्हा परिषदेसाठी राखून ठेवली, त्यास गैरकारभार म्हटले. मंत्र्यांच्या प्रकरणांपुढे ही रक्कम ती केवढी, असे म्हणणारे निघतीलच. परंतु प्रश्न रकमेचा नव्हे. लोकांच्या कामासाठी आलेला पैसा पुढाऱ्याच्या गौरवाकडे वळला, आणि मागाहून भरपाई झाली म्हणून तो व्यवहार शुद्ध होत नाही. इतरांचा हिशेब मागण्याचे व्रत ज्याने घेतले, त्याची वही तर आधी उघडी हवी!

म्हणून नवा अध्यक्ष निवडला, हारतुरे झाले, की विश्वास परतला असे मानू नका. 'काही गैरव्यवहार झाले' ही भाषा वकील या नात्याने मला पोकळ वाटते. किती रुपये, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने गेले, हे भर सभेत सांगितले पाहिजे. ज्यांच्या हातून पैसा गेला त्यांचे नातेवाईक चौकशी समितीवर नसावेत. वसुली किती झाली, तेही दर सभेत वाचून दाखवावे.

आणि संघटना सोडून जाणार तरी कोठे? रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे गेली. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने दोषी ठरविले ते २००९ साली. बारा वर्षांचा असा लढा एकट्यादुकट्या कुटुंबाला झेपत नाही.

कायदा आपल्या बाजूस आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१-ड पैशाचा अपहार करणाऱ्या विश्वस्तास दूर करण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना देते, आणि हितसंबंधी व्यक्तीला तसा अर्ज करता येतो. मात्र येथे एक मेख आहे. नोंदणीकृत सोसायटीत 'हितसंबंधी' म्हणून सभासदाचा उल्लेख कायद्यात स्पष्ट आहे. नुसत्या वर्गणीदाराला आपला संबंध आधी सिद्ध करीत बसावे लागेल. तेव्हा यापुढे पैसे देताना पावती देणगीची आहे की सभासदत्वाची, हे वाचून घ्या, आणि सभासद-नोंदवहीत आपले व आपल्या पत्नीचेही नाव चढले की नाही ते स्वतः पाहा.