भिंत आणि फ्लेक्स

परवा मंगरूळपीरला पुतणीचं लग्न झालं. पूर्वी आमच्या दारावर पेंटरकाका गणपती अन् नवरानवरीची नावं रंगवायचे. यंदा मीच फ्लेक्स लावला. स्वस्त, तासाभरात तयार! काका जेवायला आले, फ्लेक्सकडे बघितलं, बोलले काहीच नाहीत.

तेव्हापासून पिंगुळीचे परशुराम गंगावणे आठवताहेत. चित्रकथी, चामड्याच्या छायाबाहुल्या, कळसूत्री बाहुल्या... एका घरात एवढी माध्यमं! २००६ साली त्यांनी गोठ्यातच संग्रहालय मांडलं. पद्मश्री मिळाली २०२१ मध्ये. आपण टाळ्या वाजवल्या.

मला वाटतं, कलावंताला टाळ्यांआधी काम लागतं. ते गावानंच द्यायचं असतं. काकांचा ब्रश सुकला, त्यात माझाही वाटा आहे.

असो. धाकटीच्या लग्नाला भिंत कोरी ठेवणार, काकांसाठी. तुमच्याकडे काय?