विवाल्दींचा कुत्रा भुंकू द्या

जे गुळगुळीत ते सुंदर, हा समज आपल्या घरांत फार खोलवर रुजला आहे. एखाद्या कुटुंबाने विवाल्दींचे ‘चार ऋतू’ घरी आणावयाचे ठरविले, की सल्ला मिळतो : आधुनिक वाद्यांचा मुलायम नादच निवडा, जुन्या वाद्यांचे ध्वनिमुद्रण नको, ते कर्कश वाटते. सल्ला प्रेमाचा असतो. परंतु तो चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आन्तोनियो विवाल्दी हे व्हेनिसचे धर्मगुरू. १७०३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी ‘पिएता’ या अनाथाश्रमात ते व्हायोलिन शिकवू लागले. ‘चार ऋतू’ १७२५ साली ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. त्यातील ‘वसंता’च्या दुसऱ्या भागात शेळ्या राखणारा झोपला आहे, पाने सळसळत आहेत आणि त्याचा कुत्रा भुंकतो आहे. हे भुंकणे व्हियोलाकडे सोपविलेले असून ते सतत मोठ्याने व हिसडा देऊन वाजवावे, अशी सूचना संगीतलेखनातच आहे.

जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तातीवर त्या काळचा हलका गज टेकला, की आरंभी किंचित खरखर उमटते. स्वर लवकर विरतो आणि दोन स्वरांमध्ये श्वास राहतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला गज आणि पुढे आलेल्या पोलादी तारा दीर्घ, अखंड सुरांना व मोठ्या सभागृहांना सोयीच्या. त्यांच्यावर हिसडा देता येत नाही असे नाही. पण वादकाला आपल्याच हत्याराशी झगडावे लागते. बहुतेक जण झगडत नाहीत, आणि कुत्रा केवळ शेपूट हलवितो!

कोणी म्हणेल, जुनी वाद्ये घेतली म्हणून मूळ संगीत थोडेच मिळते? मान्य. आज या वाद्यांसाठी बहुधा वापरला जाणारा ४१५ कंपनांचा सूर हा एक सोयीचा ठराव आहे. त्या काळी गावोगावचा सूर निराळा होता. पिएतातील मुली जाळीआडून वाजवीत, ते आता कोणालाही ऐकता येणार नाही. म्हणून ‘अस्सल’ हा शब्द मी वापरीत नाही. माझा आग्रह एवढाच, की लिहिले आहे ते ऐकू यावे.

‘इ मुझिची’ या इटालियन वादकसमूहाने फेलिक्स आयो यांच्यासह १९५९ साली केलेल्या मुद्रणाने असंख्य घरांत विवाल्दी पोचविले. हे ऋण मोठे आहे. परंतु ऋण मान्य करणे म्हणजे कान तेथेच थांबविणे नव्हे.

तेव्हा पहिली निवड करताना निकोलाउस हार्नोनकोर्ट यांचे १९७७ चे मुद्रण घ्या. ते फारच खडबडीत वाटले, तर ट्रेव्हर पिनॉक व सायमन स्टँडेज यांचे १९८० च्या दशकारंभीचे घ्या. मुलांना शेजारी बसवा आणि कुत्रा कोठे भुंकतो ते त्यांनाच शोधू द्या.