सुभाषितें आणि काव्य

परवां सायंकाळीं येथें उरणास नातवानें 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या पार्श्वसंगीताची वाढीव आवृत्ति ऐकविली. जॉन विल्यम्स यांनीं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेलें हें संगीत १९७७ सालीं दोन तबकड्यांवर निघालें, तेव्हां त्यांत निवडक वेंचे होते व त्यांचा क्रमहि निराळा होता. १९९७ सालीं गाळलेले भाग घालून चित्रपटाचा क्रम लाविला. सुभाषितसंग्रहाचें जणूं काव्य झालें!

आपल्या 'सैराट'साठींहि अजय-अतुल यांनीं हॉलिवूडांत सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला. २०१६ च्या संग्रहांत मात्र चारच गाणीं होतीं. वरातींत नाचणाऱ्यांस तीं पुरेत. पण चित्रपटाच्या शेवटीं बाळाचीं रक्ताळलेलीं पावलें दिसतात, तेव्हां संगीत मुळींच नाहीं. आधींचें सारें कानांत असेल तरच ती स्तब्धता अंगावर येते. वेंच्यांत ती हरवते.

वाचकहो, मींहि जन्मभर मुलांकडून परीक्षेपुरते 'रघुवंशा'चे वेंचे पाठ करून घेतले. सबंध सर्ग वाचण्यास वेळ नाहीं, असें म्हणत आलों. आतां वेळ आहे. वर्गांतलीं मुलें नाहींत. नातवास म्हटलें, "उद्यां पहिल्या सर्गापासून बसूं."