चकाकीची विहीर

खामगावचा कापूस नेण्यासाठी १८७० साली जलंबपासून खास आगगाडीचा फाटा घातला गेला. त्याच बुलढाणा जिल्ह्यातला मी मास्तर. दिवाळी आली की माझ्या वर्गातली, कापूस वेचणाऱ्यांची पोरे पाहतो, तर सारी पॉलिएस्टरमध्ये चकाकत असतात!

डोक्यावरचे सुगंधी तेलही तसेच चकाकते. पुष्कळ बाटल्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते: ‘लाइट लिक्विड पॅराफिन’. तेही खनिज तेलाचे, पॉलिएस्टरचे मूळही तेच. अंगावर नि डोक्यावर विहीर एकच, आणि तिचे पाणी बहुतांशी परमुलखातले! आमची कपाशी नि तीळ मात्र भावाची वाट पाहतात.

“मास्तर, गरिबाला सुती परवडत नाही!” कबूल. पॉलिएस्टर स्वस्त, टिकाऊ, इस्त्रीवाचून चालणारे. पण पणतीची ज्योत लागली की ते वितळून कातडीला चिकटते. सुतीही पेटते; पण असे चिकटत नाही. माझ्या लेकीच्या मनगटावर तो डाग आहे. झगा मीच आणला होता, चकाकीला भुलून.

जुने तेवढे सोने, असे मी म्हणत नाही. पण निदान नरकचतुर्दशीच्या पहाटे घाण्याचे तिळाचे तेल आणि लेकरांच्या अंगात सुती कपडा असू द्या. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात चकाकी दिव्याचीच शोभते.